पाठीवरचा डबा

आमच्या बँकेने एकदा सगळ्या अधिकाऱ्यांना व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला बसवलं. शिकवायला आलेले गृहस्थ फार चांगलं बोलत. माणूस स्वतःला बदलायला निघाला की त्याने स्वतःशी संयमाने वागावं, असं त्यांनी सांगितलं. मला ते पटलं. मी हात वर केला आणि विचारलं, "सर, हा संयम अंगी यायला साधारण किती दिवस लागतात?"

हॉलमध्ये हशा झाला. सरही हसले आणि म्हणाले, मॅडम मिस्कील आहेत. मी विनोद केला नव्हता. बारावीला किती महिने अभ्यास लागतो, बँकेच्या परीक्षेला किती, हे मला ठाऊक होतं. संयमाचं ठाऊक नव्हतं म्हणून विचारलं. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. आम्हाला जे काही मिळालं ते परीक्षा देऊन मिळालं, आणि परीक्षेचं एक बरं असतं, तिची तारीख आधी जाहीर होते. ज्यांनी मला या वाटेला लावलं त्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. त्या वाटेवर तारखांची सवय लागते, एवढंच.

शिबिराच्या शेवटी सरांनी गृहपाठ दिला. आपल्याला अजिबात न येणारी एक गोष्ट निवडायची आणि शिकायची. कुणी गिटार निवडलं, कुणी जर्मन. मी पोहणं निवडलं.

माझं गाव कृष्णेच्या काठावर आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला याचं नवल वाटतं. आमच्याकडची पोरं चालायच्या आधी पोहतात असं म्हणायची पद्धत आहे. माझी धाकटी बहीण दहावीत गटांगळ्या खात होती, पण घाटाच्या बुरुजावरून नदीत सूर मारायची ते बघायला माणसं थांबत. मला मात्र आईने शेवटच्या पायरीच्या खाली कधी उतरू दिलं नाही, कारण मी हुशार होते. गुरुजींनी तसं घरी येऊन सांगितलं होतं. आईचं म्हणणं होतं, "तुला काय झालं तर एवढं शिकीवल्यालं समदं पाण्यात जाईल." धाकटीच्या बाबतीत ही काळजी नव्हती. तिच्यात अजून फारसं काही घातलेलं नव्हतं.

आजीची गोष्ट त्याच्याही मागची. तिच्या लहानपणी आमच्या वस्तीतल्या बायकांना त्या घाटावर घागर बुडवायची मुभा नव्हती. लांब उभं राहायचं आणि कुणी वरून ओतलं तर घरी न्यायचं. पुढे वस्तीने धम्म घेतला, विहार झालं, मुलं शाळेत गेली, घाटही मोकळा झाला. तोवर आजीची पोहायची हौस, असलीच तर, संपली होती. तिला नदीपासून परक्यांनी लांब ठेवलं आणि मला आईने, मायेपोटी. पोहता दोघींनाही आलं नाही.

तर कर्वेनगरात, आमच्या सोसायटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पोहण्याचा एक जुना तलाव आहे. मुलीला दुसरीची सुट्टी लागली तशी आम्ही दोघींनी सकाळच्या महिलांच्या बॅचला नावं घातली. दारातच पाटी होती: 'पाण्यात उतरण्यापूर्वी येथे अंघोळ करावी. घरून करून आलो हे कारण सांगू नये.' येणाऱ्या बायका ती पाटी वाचून चिडत. मला ती वाचून बरं वाटलं. आजीच्या वेळी पाण्याला कुणी शिवायचं याचे नियम केवढे तरी होते. इथे दोनच होते, अंघोळ आणि टोपी, आणि ते सगळ्यांना सारखे होते.

बॅचला शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, कसब्यात राहणाऱ्या, तरुणपणी स्पर्धा जिंकलेल्या. त्या आता स्वतः पाण्यात उतरत नसत. हातात लांब बांबू घेऊन काठाने फिरत. कुणी बुडायला लागलं तर बांबू पुढे करत, बाकी वेळ जीभ पुरत असे.

या तलावावर अजून डब्याची पद्धत होती. हवाबंद पत्र्याचा डबा, त्याला कड्या, कड्यांतून ओवलेला कापडी पट्टा. तो पाठीवर बांधला की माणूस तरंगतो आणि त्याला हातपाय मारायला सवड मिळते. आधी मोठा डबा, मग मधला, मग छोटा, आणि मग एके दिवशी नुसती पाठ. बाकी तलावांवर आता रंगीत फळ्या आणि फुगे आलेत म्हणतात. बाईंना ते लाड वाटत. कुणाचा डबा कधी बदलायचा हे त्या एकट्या ठरवत. पोहता पोहता त्यांनी बांबूने पाठीवरच्या डब्यावर ठण्‌कन मारलं की समजायचं, उद्यापासून लहान. आणि जिचा डबा कायमचा सुटेल तिने सगळ्या बॅचला पेढे द्यायचे, अशी तिथली रीत होती.

ही पद्धत मला लगेच उमगली. इयत्ता होत्या, परीक्षक होत्या आणि निकालाला पेढे होते.

मी अभ्यासाला लागले. पोहण्याचे व्हिडिओ बघितले. बादलीत तोंड बुडवून श्वास सोडायचा सराव केला. पलंगावर पालथी पडून हातपाय मारत होते तेव्हा नवरा दारात येऊन थांबला आणि डॉक्टरांना बोलावू का, असं विचारून गेला. उथळ बाजूला उभी राहून मी इतर बायकांना समजावून सांगायची, की गुडघ्यातून नव्हे तर कमरेतून पाय मारायचा. माझं ऐकून दोघीतिघींचे डबे सुटले आणि मी त्यांचे पेढे खाल्ले. माझा मात्र मोठ्याचा मधला झाला आणि तिथेच थांबला.

मुलीचं वेगळं होतं. तिने काही वाचलं नव्हतं. ती पाण्यात उतरायची, ओरडायची, नाकात पाणी गेलं की शिंकायची आणि परत जायची. तिचा डबा बघता बघता छोटा झाला.

आमच्या बॅचमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सगळ्या त्यांना आजी म्हणत. मधल्या डब्यावर त्यांचा तिसरा उन्हाळा चालू होता. एकदा काठाला धरून दम खाताना मी त्यांना जरा सहानुभूतीनेच विचारलं, की डबा सुटत नाही याचं वाईट वाटत नाही का.

"कशाला वाटायचं?" त्या म्हणाल्या. "थोडं मी त्याला ओढते, थोडं तो मला सांभाळतो. आमच्या ह्यांच्याबरोबर चाळीस वर्षं असंच काढलं."

मला वाटलं, एवढी शिकलेली बाई आणि जिद्द कशी ती नाही.

मे महिना मध्यावर आला तेव्हा बाईंनी मुलीच्या डब्यावर बांबू मारला आणि म्हणाल्या, सोमवारी तुझी पाठ मोकळी. मला आनंद झाला. त्या आनंदाखाली आणखीही काहीतरी होतं. त्याला मी त्या वेळी प्रेरणा म्हणत होते. सोमवारी माझाही डबा सुटायला हवा, असं मी ठरवलं. तारीख मिळाल्यामुळे मला एकदम हलकं वाटलं. रविवारी संध्याकाळी जाऊन दोघींचे मिळून पेढे घेऊन आले. निकालाच्या आधी पेढे आणण्यात मला काही वावगं दिसलं नाही. माझ्या निकालाचे पेढे आमच्या घरात आजवर कधी वाया गेले नव्हते.

सोमवारी बाई दाराशी एका नव्या बाईंना घरच्या अंघोळीबद्दल ऐकवत होत्या. मी कपडे बदलायच्या खोलीत डबा बांधलाच नाही. खुंटीवरच ठेवला आणि खोल बाजूला जिथे माझे पाय टेकत नाहीत तिथे काठावरून पाण्यात शिरले.

पहिले काही हात छान पडले. व्हिडिओत दाखवतात तसे. मग मी श्वास घ्यायला मान वर केली आणि बाकीची मी खाली गेले. काय करायला हवं हे पाण्याखालीही मला क्रमाने आठवत होतं. अंग सैल सोडायचं, पाय कमरेतून मारायचा, घाबरायचं नाही. यातलं एकही हातून होत नव्हतं. वर उजेड होता, त्यात कुणाचे तरी पाय हलत होते, आणि मग खांद्याला बांबू लागला. मी तो असा धरला की काठावर आल्यावरही सोडवेना.

बाईंनी मला खोकू दिलं. नंतर विचारलं, "डबा कुठाय?"

"काढला."

"कुणी?"

"मीच."

"मग वर पण तुमचं तुम्हीच यायचं होतं. आम्हाला कशाला त्रास?"

मी मान वर केली तेव्हा पायऱ्यांवर मुलगी दिसली. आज आपला डबा बाई काढणार म्हणून ती तो बांधूनच उभी होती. ती रडत नव्हती. आजींच्या जवळ जाऊन तिने पाठ केली आणि म्हणाली, "याची गाठ सोडा. मला नाही जायचं."

माझ्या पिशवीतले पेढे कुणाला तरी दिसले. कशाचे, अशी कुजबुज झाली. आजींनीच खोका उघडला. "वाचल्याचे," त्या म्हणाल्या, आणि वाटून टाकले. मलाही एक दिला.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी माझ्याबरोबर यायची, पण टॉवेल गुंडाळून बाकावर बसायची. मी तिला समजावलं. माणूस पाण्यावर का तरंगतो हे मीठ, अंडं आणि पाण्याचा पेला घेऊन दाखवलं. तिला अंड्याची गंमत वाटली, पाण्याची नाही. पोहायचा नवा चष्मा घेऊन दिला. तो घालून ती बाकावर बसली. शेवटी मी म्हटलं, बघ, आईला काही झालं का, आई आहे ना धडधाकट.

"तू आपल्या घरात सगळ्यात हुशार आहेस ना?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तसं खोटं नव्हतं.

"तरी बुडलीस. मग मी तर बुडणारच."

हिशेब बरोबर होता.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. नातीने तिला सगळं सांगितलं होतं. मला वाटलं होतं आई रागवेल. आईचा आवाज उलट मोकळा झाला होता. "बरं झालं," ती म्हणाली. "नगं म्हणती तर नगं. पवून कुणाचं भलं झालंय? पोरगी हुशार हाय, तिला अभ्यासाला लाव."

मी बरं म्हणून फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. आईचं वाक्य ओळखीचं होतं. तेच माझ्यासाठी होतं आणि ते मायेचं होतं, हे मला आजही मान्य आहे. पण आता ते माझ्या लेकीवर आलं होतं, आणि ती त्याच्यात अगदी बरोबर बसत होती. घाटावर आता कुणी अडवत नाही. तलावाच्या दारात पाटी आहे ती फक्त अंघोळीची. एवढं सगळं मोकळं झाल्यावर आमच्या घरातल्या पुढच्या मुलीला मी पाण्याबाहेर काढून बसवलं होतं. तेही कशासाठी, तर मला सोमवारी पास व्हायचं होतं.

मी बाईंकडे गेले आणि तिला परत पाण्यात कसं आणायचं ते विचारलं. 

"तिला आणायचं नाही," बाई म्हणाल्या. "बोलवायचं नाही, समजवायचं नाही. तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. तुम्ही मोठा डबा बांधा आणि पोहा."

"मधला होता माझा."

"होता."

"आणि हे किती दिवस करायचं?"

बाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "अहो, तुम्ही पोहायला आलात की मुदत ठेव काढायला?"

मी मोठा डबा बांधला. ज्यांना मी कमरेतून पाय मारायला शिकवलं होतं त्या बायका खोल बाजूला मोकळ्या पाठीने येजा करत होत्या. नव्याने आलेल्या पोरींच्या घोळक्यात सगळ्यात मोठी मीच होते. त्यातल्या एकीने जवळ येऊन चौकशी केली, "काकू, तुम्ही नापास झालात का?"

"हो," मी म्हटलं. हा शब्द स्वतःबद्दल तोंडातून काढायची माझी पहिलीच वेळ होती. पोरगी 'बरं' म्हणाली आणि पोहत गेली. तिला त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नाही.

मोठ्या डब्यावर करण्यासारखं फारसं काही नसतं. माणूस बुडत नाही आणि पुढेही धड सरकत नाही. मुलीकडे बघायचं नाही, हे मी इतकं मन लावून पाळत होते की दोन दिवसांत मान आखडली. दात आवळलेले, डोळे समोरच्या भिंतीवर, आणि मनात सारखं एकच, की बाकावर काय चाललं असेल. मी संयम करत होते आणि तो जोरजोरात करत होते.

शेजारून आजी चालल्या होत्या. थोडा वेळ त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "अहो, जरा कमी करा," त्या म्हणाल्या. "तुमच्या संयमाने पाणी ढवळायला लागलंय."

मला हसू आलं आणि तोंडात पाणी गेलं. खोकला थांबल्यावर आजींनी शाळेतली एक गोष्ट काढली. एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात त्या दर वर्षी 'प्रगती सावकाश' असं लिहीत. पुढे तोच मुलगा मोठा होऊन स्वतःच्या मुलाचं नाव घालायला शाळेत आला, आणि त्याने टेबलापलीकडून विचारलं, बाई, माझी झाली का पुरी? मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत? आजी म्हणाल्या, मी त्याला म्हटलं, माझी झाली की तुला कळवते.

असं बोलत बोलत आम्ही दोघी डब्यांसकट कधी पलीकडच्या काठाला टेकलो ते मला समजलं नाही. बाकाची आठवण तिथे पोचल्यावर झाली. त्या अख्ख्या फेरीत मी एकदाही पास किंवा नापास झाले नव्हते.

त्यानंतर मी फार काही शिकले असं नाही. रोज जायचे, मोठा डबा बांधायचे, आजींबरोबर एका काठावरून दुसऱ्या काठावर जायचे. कधी बरं जमायचं, कधी आदल्या दिवसापेक्षा वाईट. पूर्वी वाईट जमलं की मी घरी जाऊन आणखी एक व्हिडिओ बघायचे. आता घरी जाऊन पोहे करू लागले, कारण पोहून भूक फार लागते. बाईंनी डब्यावर बांबू मारला नाही आणि मी मारा म्हटलं नाही.

एके सकाळी बाकावरून आवाज आला, "आई, तुझे पाय वाकडे जातायत."

मी वळले नाही. "कमरेतून मारतेय ना?" मी समोरच्या भिंतीला विचारलं.

"कुठे? बेडकासारखे मारतेयस."

पुढच्या दिवशी ती मला बाकावरून शिकवत होती. आणखी दोनेक दिवसांनी तिचा आवाज जवळून येऊ लागला, म्हणजे ती पायऱ्यांवर आली असावी. पाण्यात पाय सोडून बसल्याचा चुबुकचुबुक आवाज होता. आजींना ती दिसत होती. त्यांना माझी दया यायची, आणि त्या मला चेहरा न हलवता बातमी द्यायच्या. आज घोट्यापर्यंत. आज गुडघे. एकदा मी काही विचारलं नसताना म्हणाल्या, मागे बघू नका हो, बाई तुमच्यावर डोळा ठेवून आहेत.

सुट्टी संपत आली होती. शाळेच्या वह्यांना कव्हरं घालायचं काम निघालं होतं. त्या सकाळी आजी आल्या नव्हत्या, त्यामुळे मला बातमी द्यायला कुणी नव्हतं. मी एकटीच मधोमध होते आणि अर्ध्या वाटेवर दम लागून नुसती तरंगत होते. माझ्या मागे काठावर बाईंचा आवाज ऐकू आला.

"कुठला बांधू? तुझा छोटाच होता ना?"

"आईसारखा," मुलगी म्हणाली. "मोठा."

पट्टा ओढल्याचा, मग पायऱ्यांवर पाणी हलल्याचा आवाज आला. माझी मान आपोआप वळायला लागली. मी ती भिंतीकडे धरून ठेवली. भिंतीवर एक पाल होती, तिच्याकडे बघत राहिले. हातपाय जेमतेम हलवत होते. मागून पाण्यात धपाधप आवाज येत होता, मध्येच थांबत होता, नाकातून जोरात श्वास सोडल्याचं ऐकू येत होतं, आणि परत धपाधप. वळून तिचा हात धरायला मी चार हात मारले असते तरी पुरलं असतं.

मग माझ्या पाठीवरच्या डब्यावर दुसरा डबा येऊन आपटला. पत्र्याला पत्रा, ठण्ण. बाईंच्या बांबूपेक्षा मोठा आवाज झाला.

"आई, सरक ना," माझ्या कानाशी धापा टाकत ती म्हणाली. "मध्येच काय थांबलीस? मला पुढे जायचंय."

मी सरकले.